हाक कुणी मारली? एका मागाचा मागोवा

झाडीपट्टीच्या जंगलात नवख्या वाटेने शिरणारा माणूस जाता जाता एखादी फांदी मोडून ठेवतो. ती खूण त्याच्या स्वतःच्या परतीसाठी असते. पण तो परतलाच नाही, तर शोधायला निघालेली माणसं तीच मोडकी फांदी पाहून तो कुठून आत गेला ते ओळखतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेतला बिघडलेला प्रोग्राम तपासताना आपण विचारतो, ‘या मेथडला हाक कुणी मारली? कुठल्या क्लासने, कुठल्या मेथडने?’ तेव्हा आपणही परतीचीच खूण वाचत असतो. यंत्राने ती आपल्यासाठी ठेवलेली नसते.

ही खूण जावाहून बरीच जुनी. १९४९ साली केंब्रिजला एडसॅक संगणक चालू झाला. गणिताचा एकच तुकडा प्रोग्राममध्ये चार ठिकाणांहून वापरायचा, तर काम झाल्यावर परतायचं कुठे? डेव्हिड व्हीलर यांनी तोडगा काढला. तुकड्याकडे जाताना आपला ठावठिकाणा बरोबर न्यायचा आणि तुकड्याने त्यावरून परतीची आज्ञा बनवून आपल्याच शेवटी रोवायची. अडचण एकच होती. खुणेला जागा एक, त्यामुळे तुकड्याने स्वतःलाच पुन्हा बोलावलं की आधीची खूण पुसली जाई.

उपाय म्हणजे खुणांची चळत. शेवटी ठेवलेली खूण आधी उचलायची. ॲलन ट्युरिंग यांनी एस यंत्राच्या आराखड्यात ही कल्पना ‘पुरणं’ आणि ‘उकरणं’ अशा शब्दांत मांडली होती. जर्मनीत बाउअर आणि सॅमेलसन यांनी १९५७ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी तिला तळघर म्हटलं. १९६० मध्ये डायक्स्ट्रा यांनी अल्गोलसाठी तीच वापरली. आज तिला आपण स्टॅक म्हणतो.

चुका शोधण्याची धडपड मात्र वेगळ्या वाटेने चालली होती. एडसॅकवरच स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रोग्रामची एकेक आज्ञा चालताना छापून घेण्याची रीत मांडली. प्रत्येक पावलाची नोंद मिळे, पण छपाईच्या गतीपुढे संगणक रखडे. स्टॅकमधल्या खुणा तर आयत्याच पडलेल्या होत्या. वाचायचाच काय तो अवकाश.

१९९६ च्या जानेवारीत आलेल्या जावाने ते वाचन सर्वांच्या हाती दिलं. चूक झाली की ओळींची रांग छापली जाई. वरची ओळ घटनास्थळ, तिच्याखाली बोलावणारा, त्याच्याखाली त्याला बोलावणारा. पण हे सगळं निव्वळ मजकुराच्या रूपात होतं. बोलावणाऱ्याचं नाव प्रोग्रामलाच हवं असेल, तर प्रोग्रामर खोटीच चूक तयार करत, तिचा माग एका स्ट्रिंगमध्ये छापून घेत आणि ओळी मोजून नाव कापून काढत. लॉगफोरजे ही नोंदी ठेवणारी लायब्ररीही हेच करत असे. कधी ओळ क्रमांकाच्या जागी ‘कंपाइल्ड कोड’ एवढंच दिसे.

ताडोब्यातल्या जुन्या व्याघ्रगणनेची इथे आठवण येते. वनरक्षक मऊ मातीतला पगमार्क काचेवर गिरवून घेत आणि रेषांच्या फरकावरून वाघ वेगळा काढत. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात वाघच उरले नसल्याचं उघड झालं आणि ठशांवरचा भरवसा उडाला. पुढे कॅमेरा ट्रॅप आले. पट्ट्यांवरून प्रत्येक वाघाची सरळ ओळख पटू लागली.

जावात तो बदल २००२ मध्ये, १.४ आवृत्तीत झाला. ‘गेट स्टॅक ट्रेस’ने मजकुराऐवजी वस्तूंची यादीच दिली. प्रत्येक वस्तूकडे क्लासचं, मेथडचं आणि फाइलचं नाव, शिवाय ओळ क्रमांक. नवा थ्रोएबल, म्हणजे चूक दर्शवणारी वस्तू, बनवून यादी मागितली की शून्यावर आपण, एकवर बोलावणारा. फक्त एकच नाव हवं असलं तरी सगळा माग गोळा व्हायचा, हा भुर्दंड होता. म्हणून काहींनी जावा बनवणाऱ्या सन कंपनीच्या अंतर्गत रिफ्लेक्शन क्लासमधली चोरवाट धरली. २०१३ मध्ये सातव्या जावाच्या एका अपडेटने ती मोडली, तेव्हा ओरड झाली आणि पुढच्या एका अपडेटमध्ये ती तात्पुरती उघडावी लागली. सप्टेंबर २०१७ मध्ये नवव्या जावाने ‘स्टॅकवॉकर’ नावाचा राजमार्ग दिला. हवी तेवढीच पावलं मागे जा, थांबा.

तरी मागाची एक मर्यादा सुटलेली नाही. मेथड परतली की तिची खूण उचलली जाते. म्हणून स्टॅकमध्ये झालेला सगळा प्रवास दिसत नाही, परतायचं बाकी आहे तेवढंच दिसतं. काम दुसऱ्या थ्रेडकडे, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्याकडे, सोपवलं, तर तेवढंही नाही. नव्या थ्रेडचा स्टॅक त्याच्याच ‘रन’पासून सुरू होतो, काम कुणी दिलं, याचा त्यात मागमूस नसतो.

ब्रह्मपुरीच्या जंगलातला वाघ वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत जातो, तेव्हा त्याच्या पावलांचा माग पाण्याशी तुटतो. पलीकडच्या वाळूत उमटलेला ठसा तो नदीतून आला एवढंच सांगतो. अनुभवी प्रोग्रामर म्हणूनच काम सोपवण्याआधी एक थ्रोएबल बनवून त्या कामाबरोबर धाडतो. ठसा अलीकडच्या काठावरच घेऊन ठेवावा लागतो.