सुई, ट्राम आणि नानाभाई मूस

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली गाडी वासिंद सोडून आसनगावाजवळ आली, की डाव्या हाताच्या खिडकीतून माहुलीचे सुळके दिसू लागतात. शहाजीराजांनी १६३६ साली निजामशाहीची अखेरची झुंज दिली, तोच हा माहुली. पण आज मला गडाचा इतिहास सांगायचा नाही. एका सुईची हकीकत सांगायची आहे, आणि त्या सुईपायी आयुष्य वेचणाऱ्या एका माणसाची.

मी या भागात शिक्षक होतो तेव्हाची, म्हणजे १९८०-८५ च्या सुमाराची गोष्ट. पावसाळा सरला की मुलांना घेऊन माहुलीच्या पायथ्याशी जायचे, असा आमचा शिरस्ता होता. बरोबर शाळेचे होकायंत्र असे. वाटेत एका काळ्या कातळावर होकायंत्र ठेवले, तर सुई भलतीकडेच वळली. दहा पावले बाजूला गेलो, पुन्हा उत्तरेला आली. एका मुलाने विचारले, "गुरुजी, सुई पिसाळली का हो?" मी म्हटले, "पिसाळली नाही रे. या काळ्या दगडात लोखंडाचे बारीक कण आहेत, ते तिला ओढतात."

परत येताना स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. तोच मुलगा होकायंत्र मांडीवर घेऊन बसला होता. गाडी दिसायच्या आधीच सुई किंचित सरकली. गाडी आली, थांबली, सुटली. सुटताना तर सुईने चांगलाच झोका खाल्ला. "आता इथं कुठं काळा दगड आहे?" पोराचा प्रश्न बिनतोड होता. गाडीच्या लोखंडाचा वाटा त्यात होताच. पण त्या काळी आमच्या मार्गावरच्या तारेतून १५०० व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज खेळत असे, आणि जिथे वीज वाहते तिथे चुंबकत्व उत्पन्न होते. डब्याखालच्या रुळांतून ती परत जाते, थोडीफार जमिनीतही झिरपते. सुईला हे सारे कळते.

त्या दिवशी मुलांना मी जी हकीकत सांगितली, तीच आज जरा विस्ताराने सांगतो.

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा उभारली. आरंभी तिचे काम जहाजांना अचूक वेळ पुरवण्याचे. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्यास प्रारंभ झाला. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली त्या सुरुवातीच्या वर्षांत एक मराठी तरुण काम करीत होता. तो म्हणजे अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना. पुढे ते गणित आणि ज्योतिषातले मोठे पंडित म्हणून नावाजले गेले. नागाव-अलिबागचे नाव ध्यानात ठेवा. ही गोष्ट फिरून तिथेच येणार आहे.

हे वेध घेणे म्हणजे काय? पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याचे बळ स्थिर नसते. सकाळ-दुपार ते थोडे चढते, उतरते. वर्षानुवर्षांत सुईची दिशाही हळूहळू पालटते. आणि मधूनच, काही पूर्वसूचना न देता, साऱ्या पृथ्वीवर एकदम खळबळ उडते. त्यास चुंबकीय वादळ म्हणतात. यात पान हालत नाही, थेंब पडत नाही. माणसाला काही जाणवत नाही. फक्त अंधाऱ्या खोलीत टांगलेली सुई थरथरते. ती थरथर कोणीतरी टिपून ठेवली पाहिजे. दिवसा, रात्री, दिवाळीत आणि धो धो पावसात.

१८५९ च्या सप्टेंबरात असेच एक वादळ झाले. इंग्लंडात कॅरिंग्टन नावाच्या ज्योतिषाने १ सप्टेंबरला सूर्यावर एक झगझगीत उफाळा पाहिला, आणि सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर हाहाकार उडाला. कुठे तारायंत्रे बंद पडली, कुठे तारांतून ठिणग्या उडाल्या. लंडनजवळच्या वेधशाळेत सुईची नोंद कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यास मात्र माणसे डोळ्यांनी पाहून आकडे उतरवीत होती. २ सप्टेंबरला, सकाळ सरता सरता, क्षितिजसमांतर बळ एकाएकी कोसळले. आजच्या परिमाणात ती घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरते, म्हणजे मुंबईतल्या एकूण आडव्या बळाच्या शंभरातले चार भाग. ऐकायला किरकोळ वाटते, पण एरवीच्या दिवसाचा चढउतार याच्या पासंगालाही पुरत नाही. त्या वादळाची उष्ण प्रदेशातली इतकी चांगली नोंद दुसरीकडे नाही.

त्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १८५९ रोजी, मुंबईच्या एका पारशी घरात नानाभाईंचा जन्म झाला. पूर्ण नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. (सोनार ज्या भांड्यात सोने आटवतो, त्यालाही आपण मूसच म्हणतो. आडनावाचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण त्यांच्या कामाला ते शोभले खरे.) जगदीशचंद्र बोस त्यांच्याहून वर्षाने वडील. आगगाडी आमच्या आसनगावाला पोहोचली ती १८६० साली; तेव्हा हे बाळ रांगतही नसेल.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण, मग एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानातली पदवी, अशी तयारी करून नानाभाई परत आले. कुलाबा वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स १८९६ साली वारले आणि त्यांच्या जागी मूस यांची नेमणूक झाली. त्या जागेवर येणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. वर्ष मोठे वाईट होते. मुंबईत प्लेग शिरला होता. शहर ओस पडत चालले होते. वेधशाळेतला दिवा मात्र विझवून चालणार नव्हते. १८९८ साली मूस यांच्या देखरेखीखाली तिथे मिल्न यांच्या बनावटीचे भूकंपलेखक यंत्र बसले. ते काम मोठेच, पण त्यावर आज थांबत नाही.

आता ट्रामकडे वळू. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्या विजेवर चालवण्याचे घाटू लागले. शहराला हे हवेच होते. घोड्यांची हालत काय होती ते जुन्या माणसांनी लिहून ठेवले आहे. त्या मुक्या जनावरांची सुटका झाली याचे वाईट कोणाला वाटेल? पण ट्रामची वीज एकाच दिशेने वाहणारी. रुळांतून परतताना ती जमिनीत झिरपणार, आणि वेधशाळेच्या नाजूक सुया सूर्याऐवजी ट्रामचे वेळापत्रक लिहू लागणार!

मूस यांच्यापुढे पेच पडला. ट्राम अडवावी, तर शहराचे नुकसान. गप्प बसावे, तर साठ वर्षांची अखंड नोंद एका दिवसात निकामी. त्यांनी तिसरी वाट धरली. ट्राम येऊ द्या, आम्ही जागा सोडतो. पण आमच्या अटीवर.

जागा शोधली ती खाडीपलीकडे, मुंबईपासून तीसेक किलोमीटरांवर, अलिबागला. गंमत अशी, की अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे आणि तिथल्या समुद्रातला किल्लाही कुलाबाच. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून कुलाब्यासच गेली म्हणायची! (त्या जिल्ह्याचे रायगड हे नाव १९८१ चे.) केरूनानांचे नागाव तिथून हाकेच्या अंतरावर.

इमारत उभी करताना पहिला प्रश्न दगडाचा. कोकणातला काळा दगड हाताशी मुबलक. पण माहुलीच्या कातळावर आमच्या सुईचे काय झाले ते आपण पाहिलेच. म्हणून पोरबंदरचा फिका, निर्लोह दगड जहाजाने आणला. भिंतीत, छपरात लोखंडाचा खिळासुद्धा नाही. जे धातूकाम ते तांब्या-पितळेचे, बाकी लाकूड.

पण मूस यांची खरी दूरदृष्टी याच्या पुढची आहे. समजा, एका गावात साठ वर्षे एकाच पायलीने भात मोजले, आणि आता नवी पायली आणायची आहे. जुनी फेकून नवी घेतली, तर पुढचा हिशेब मागच्याला कसा जुळणार? शहाणा माणूस काही हंगाम दोन्ही पायल्यांनी एकच रास मोजील, दोघींतला फरक लिहून ठेवील आणि मगच जुनी माळ्यावर टाकील. मूस यांनी तेच केले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले. फरक पक्का झाला, तेव्हाच कुलाब्याच्या चुंबकीय खोल्या बंद झाल्या. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. तोवर सुया समुद्रापार सुखरूप होत्या. ज्या वेधशाळांनी ही काळजी घेतली नाही, त्यांच्या नोंदींत आज खाचा आहेत.

अलिबागचे बस्तान बसले आणि मूस त्या जुन्या ढिगाऱ्याकडे वळले. १८४६ ते १९०५, साठ वर्षांचे आकडे. तासाला एक नोंद धरली, तरी हिशेबापुरते पाच लाखांहून अधिक आकडे होतात. आणि मोजायच्या राशी एकाहून अधिक. तेव्हा गणकयंत्र कुठले? कागद, टाक आणि कारकुनांची बेरीज-वजाबाकी. १९१० साली त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. वादळ कोणते सकाळी सुरू होते, कोणते मध्यरात्री. त्यात रोजचा चढउतार मिसळलेला. सगळी वादळे घड्याळाच्या तासांप्रमाणे एकाखाली एक मांडली, तर नुसता गोंधळ दिसतो. आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याला हे चटकन उमजेल. कोणी मृगात पेरले, कोणी आर्द्रात. आणि तुम्ही अमुक तारखेला कोणाचे रोप किती वाढले एवढेच विचारू लागलात, तर काही नियम हाती लागणार नाही. पेरल्या दिवसापासून मोजा, की सगळ्यांची वाढ सारखी दिसते. मूस यांनी वादळे घड्याळावरून न मोजता, ज्या क्षणी वादळ सुरू झाले त्या क्षणापासून मोजली. तशी मांडून सरासरी काढली, आणि त्या गोंधळातून एक चेहरा वर आला. आधी आडवे बळ एकदम किंचित वाढते. काही तास तसे राहते. मग खूप घसरते. आणि पुढे कित्येक दिवस हळूहळू पूर्ववत होत जाते. एरवी वेडेवाकडे वाटणाऱ्या वादळाला अशी ठरीव चाल आहे, हे या रीतीने पहिल्यांदा मूस यांनी दाखवले.

असे का घडते, याचे उत्तर त्यांच्या हयातीत पुरते मिळाले नाही. इंग्लंडातले सिडनी चॅपमन यांनी १९१८ पासून मूस यांच्याच पद्धतीवर पुढची इमारत रचली. पुढे कृत्रिम उपग्रहांनी पाहून सांगितले, की सूर्याकडून आलेल्या विद्युत्भारित कणांमुळे पृथ्वीभोवती, तिच्या त्रिज्येच्या कित्येक पट दूर, विजेचे एक कडे तयार होते आणि तेच जमिनीवरचे आडवे बळ खाली ओढते. म्हणजे पाहा, हाही वीजप्रवाहच, आसनगावच्या तारेतल्यासारखा, फक्त आभाळातला!

मूस १९१९ साली निवृत्त झाले आणि १९३६ साली वारले. रामन यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असते, बोस यांचे असते. मूस यांचे मी तरी पाठ्यपुस्तकात पाहिले नाही. प्रकाशकिरणांचा चमत्कार सांगता येतो. नोंदवह्या सांभाळण्याचा कसा सांगणार? पण २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांच्या जोडीने १८५९ च्या वादळाचा नव्याने हिशेब मांडला, तेव्हा त्यांना आधार सापडला तो कुलाब्याच्या आकड्यांचाच. आज हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही. तसले वादळ पुन्हा आले, तर विजेची जाळी, उपग्रह, तुमच्या-आमच्या खिशातले फोन, सगळ्यांवर गदा येईल. किती मोठे वादळ येऊ शकते, याचा अंदाज बांधायला जुने माप लागते. १० मे २०२४ च्या रात्री लडाखातल्या हान्ले येथे आभाळ तांबडे झाले होते, ते आपण चित्रांतून पाहिले असेल. त्या वादळाची तुलना १८५९ शी करता येते, कारण अलिबागचे माप कुलाब्याच्या मापाशी मूस यांनी जोडून ठेवले आहे.

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. पोरबंदरी दगडाची अलिबागची वेधशाळा आहे.

आणि आमची सुई? ते होकायंत्र शाळेने मोडीत काढले तेव्हा मी रीतसर पैसे भरून घरी आणले. मधल्या काळात आमच्या मार्गावरची वीज पालटली. आता तारेत २५००० व्होल्टची वीज असते, आणि तिची दिशा सेकंदाला पन्नास फेरे घेते. एवढ्या वेगाने उलटसुलट होणाऱ्या ओढीमागे सुई धावू शकत नाही. परवा नातवाला घेऊन आसनगावच्या फलाटावर बसलो होतो. वासिंदकडून गाडी यायची होती, सुई निश्चल होती. गाडी आली तेव्हा डब्यांच्या लोखंडापुरती हलली, आणि शेवटचा डबा आटगावच्या दिशेने गेल्यावर पुन्हा उत्तरेस येऊन थांबली.