डिजिटलचे पाणी, पेल्टिएची थंडी

मोटारीच्या सिगारेट लायटरला जोडायची विजेची थंड पेटी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असेल. क्विन्सिगामंड तळ्यावरच्या सहलीला ताक आणि कापलेली फळे तिच्यातूनच जातात. या पेटीत ना कॉम्प्रेसर असतो, ना गॅस. आत काड्यापेटीहून थोडी मोठी, चपटी पांढरी चकती असते आणि वीज सोडली की तिची एक बाजू गार, दुसरी गरम होते. हीच चकती घरच्या संगणकात बसवून प्रोसेसर गार करण्याचा उद्योग हौशी मंडळींनी एके काळी जोरात केला. त्याची हकिकत सांगण्याजोगी आहे. श्रूजबरी आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्यांना तर ती जवळची वाटावी, कारण संगणक तापतो कसा आणि तो निवायचा कसा या प्रश्नावर आपल्या या भागात मोठमोठी डोकी खपली आहेत.

प्रथम चकतीचे मूळ पाहू. झां पेल्टिए हा पॅरिसचा घड्याळजी. वारसाने पैसा मिळाल्यावर त्याने धंदा सोडला आणि तो विज्ञानाच्या नादी लागला. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज गेली की प्रवाहाच्या दिशेनुसार तो सांधा तापतो किंवा थंड होतो, हे त्याने १८३४ मध्ये दाखवले. चारच वर्षांनी, १८३८ मध्ये, रशियात लेन्झने अशा सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून त्याचा बर्फ केला आणि प्रवाह उलटा फिरवून तो पुन्हा वितळवला. पण साध्या धातूंनी होणारी थंडी फारच थोडी. त्यामुळे शंभराहून अधिक वर्षे हा शोध प्रयोगशाळेतली गंमत म्हणूनच राहिला. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड आणि डग्लस यांनी बिस्मथ टेल्युराइड हा अर्धवाहक वापरून दाखवला, तेव्हा कुठे ही चकती कामाची झाली.

आता आपल्या परिसराकडे वळू. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी १९५७ मध्ये मेनर्डच्या जुन्या लोकरीच्या गिरणीत सुरू झाली. १९८० च्या दशकाअखेर तिच्याकडे जगभरात एक लाखाहून अधिक माणसे होती. मध्य मॅसॅच्युसेट्समध्ये अनेक भारतीय कुटुंबे ज्या संगणक उद्योगामुळे आली, त्याचा ती मोठा आधार होती. त्या काळात मोठ्या यंत्रांत आयबीएमशी सामना करायचा म्हणून डिजिटलने व्हॅक्स ९००० हे यंत्र हाती घेतले. त्याच्या चिप्स ईसीएल जातीच्या होत्या. त्या वेगवान खऱ्या, पण काम असो वा नसो, वीज खात राहायच्या आणि तापत राहायच्या. म्हणून यंत्र पाण्याने गार करायचे ठरले आणि प्रकल्पाचे टोपणनाव पडले अक्वेरियस, म्हणजे कुंभ रास, खांद्यावर पाण्याचा घडा घेतलेला. पुढे अभियंत्यांनी वाऱ्याच्या झोतावरच भागवता येईल असे पाहिले, पाणी काढून टाकले आणि नाव बदलून अरिडस म्हणजे 'कोरडा' असे ठेवले. नावातली ही थट्टा आजही हसू आणते.

ऑक्टोबर १९८९ मध्ये व्हॅक्स ९००० जाहीर झाला. पण १९९१ मध्ये डिजिटलनेच एनव्हॅक्स ही एका चिपवर मावणारी व्हॅक्स बाजारात आणली. तिची गती त्या अवाढव्य यंत्राच्या तोडीची होती आणि ती सीमॉस जातीची असल्याने वीज फारच कमी खायची. ज्या यंत्रासाठी पाण्याचा खटाटोप मांडला होता, त्याची गरजच उरली नाही. एका यंत्रामुळे डिजिटल बुडाली असे म्हणणे अन्यायाचे होईल, बाजार बदलत होता आणि इतरही कारणे होती. तरी कष्टाने उष्णता वाहून नेणाऱ्यावर मुळात उष्णताच कमी करणारा मात करतो, हा धडा तिथे लख्ख दिसला. त्याची किंमत कित्येक घरांनी नोकरी गमावून मोजली. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डिजिटल विकत घेतली, तेव्हा कर्मचारी निम्म्याहून कमी उरले होते.

डिजिटलची अल्फा ही चिपही याच भागातली. १९९२ मधली पहिली अल्फा २०० मेगाहर्ट्झवर सुमारे ३० वॅट उष्णता टाकी. त्या काळी हा आकडा ऐकून लोक चकित होत. पुढे कॉम्पॅकच्या अमदानीत अल्फाचे काम आपल्या श्रूजबरीत साउथ स्ट्रीटवर चाले. २००१ मध्ये कॉम्पॅकने अल्फाचे तंत्र इंटेलच्या हवाली केले आणि तिथे इंटेलची पाटी लागली. २००३ च्या शेवटच्या मोठ्या अल्फाची उष्णता १५५ वॅटपर्यंत पोहोचली होती. अकरा वर्षांत पाचपट!

हीच गत घरच्या संगणकाची झाली, आणि इथेच पेल्टिएची चकती परत येते. १९९८ मध्ये इंटेलची स्वस्त सेलेरॉन ३००ए निघाली. ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर पळवता येते हे कळताच कॉलेजची पोरे तिच्यामागे लागली. चिप जितकी गार, तितकी ती जोरात पळवता येते. म्हणून कोणी तांब्याच्या ठोकळ्यातून पाणी खेळवू लागले, त्यासाठी माशांच्या टाकीचा पंप आणि जुन्या मोटारीच्या हीटरचा रेडिएटर वापरू लागले. पण नुसते पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. म्हणून त्यापुढची पायरी निघाली: चिपवर तांब्याचा पत्रा, त्यावर पेल्टिएची चकती आणि चकतीच्या गरम बाजूवर पाण्याचा ठोकळा.

इथे एक हिशोब नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या माठातले पाणी गार होते ते बाहेर पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना, आणि उष्णता ती वाफ बाहेर नेते. उष्णता नष्ट कधीच होत नाही, फक्त जागा बदलते. पेल्टिएची चकतीही तेच करते, पण हमाली फार घेते. समजा चिपची उष्णता १०० वॅट आहे आणि चकती त्यासाठी १५० वॅट वीज खाते, तर गरम बाजूला २५० वॅट जमा होतात. साध्या पंख्याला ते झेपत नाही. म्हणूनच पाणी लागते, मोठा रेडिएटर लागतो आणि चकतीला वेगळा वीजपुरवठा लागतो. पंप बंद पडला तर गरम बाजूची सगळी उष्णता थेट चिपकडे उलटते.

दुसरा शत्रू म्हणजे दव. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा थंड चिपलाही फुटतो, आणि खाली असतो मदरबोर्ड. आपल्याकडे जुलैत खोली ७९ अंश फॅरनहाइट आणि आर्द्रता ६५ टक्के असली, तर ६६ अंशांच्या खाली गेलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरते. जानेवारीत घरात हीटर चालू, हवा कोरडी. ७० अंश आणि २५ टक्के आर्द्रतेला तोच आकडा ३२ अंशांवर येतो. म्हणजे जो संगणक हिवाळाभर सुखाने चालला, तोच उन्हाळ्यात भिजून जळू शकतो. अनुभवी मंडळी म्हणून चिपभोवती रबरी फोम गुंडाळत आणि सॉकेटमध्ये ग्रीस भरत.

ही हौस ओसरली ती पुन्हा त्याच धड्याने. २००४ मध्ये पेंटियम ४ ची उष्णता शंभर वॅटच्या पुढे गेली. त्याच वर्षी ॲपलनेही पॉवर मॅक जी५ च्या एका मॉडेलमध्ये पाइपातून द्रव खेळवला. पण ४ गिगाहर्ट्झचे उद्दिष्ट इंटेलने सोडून दिले आणि २००६ मध्ये ६५ वॅटची कोअर २ आणली. कमी तापणारी चिप जास्त काम करू लागल्यावर चकतीचा खर्च कोण करणार? २०२० मध्ये इंटेलने पेल्टिए आणि पाणी यांची सांगड पुन्हा घातली. या वेळी हवेतली आर्द्रता मोजून दवबिंदूच्या वर राहण्याची सोय होती. तरीही २०२३ मध्ये तो प्रकार इंटेलने बंद केला.

पाणी मात्र टिकले. घरच्या संगणकांत तयार, बंद नळ्यांचे संच मिळतात. पुण्यात १९९१ मध्ये सी-डॅकने अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून परम ८००० उभा केला. त्याच सी-डॅकच्या, पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या परम ब्रह्मात द्रव थेट चिपपाशी नेऊन उष्णता काढली जाते.

तेव्हा घरातल्या मुलाने पेल्टिएची चकती मागितली तर नाही म्हणू नये. ती स्वस्त आहे आणि लेन्झचा बर्फाचा थेंब स्वयंपाकघरातही करून पाहता येतो. फक्त गरम बाजूला उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा आणि पंखा लावल्याशिवाय वीज सोडू नये, एवढे सांगावे. संगणकात बसवायचीच असेल, तर आधी त्याला कागदावर मांडायला लावावे: उष्णता किती, वीज किती, खोलीचा दवबिंदू किती, आणि ती सगळी उष्णता शेवटी जाणार कुठे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले, की चकती आणायला हरकत नाही.