ब्रॉडकॉम वाय-फाय कार्डांचे लिनक्स ड्रायव्हर

ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीच्या चिपांवर आधारलेली वाय-फाय कार्डे लिनक्स संचालन प्रणालीवर चालावीत यासाठी लिहिलेल्या आज्ञावलींना ब्रॉडकॉमचे लिनक्स ड्रायव्हर म्हणतात. डेल, एचपी व ॲपल यांच्या अनेक लॅपटॉपांत ही कार्डे आढळतात. लिनक्स बसवल्यानंतर वाय-फाय न चालण्याच्या तक्रारींत त्यांचा उल्लेख वारंवार येतो. अशा वेळी कार्ड बिघडलेले असतेच असे नाही. पुष्कळदा योग्य ड्रायव्हर किंवा फर्मवेअर उपलब्ध नसते.

इतिहास

कार्डाशी संवाद कसा साधावा हे सांगणारी तांत्रिक कागदपत्रे ब्रॉडकॉमने प्रारंभी लिनक्सच्या विकसकांना खुली केली नव्हती. एनडीआयएसरॅपर या आज्ञावलीच्या साहाय्याने विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवता येई. परंतु हा मार्ग इंटेल धाटणीच्या प्रक्रियकांपुरताच होता. पॉवरपीसी प्रक्रियक असलेल्या ॲपलच्या जुन्या संगणकांना त्याचा उपयोग नव्हता.

त्यामुळे स्वयंसेवी विकसकांनी उलट अभियांत्रिकीचा अवलंब केला. एका गटाने उपलब्ध ड्रायव्हरचा अभ्यास करून केवळ त्याच्या कार्याचे वर्णन लिहिले आणि दुसऱ्या गटाने मूळ आज्ञावली न पाहता, त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. स्वामित्वहक्काचा भंग होऊ नये यासाठी ही विभागणी पाळण्यात आली. या प्रयत्नांतून सिद्ध झालेला बीसीएम४३एक्सएक्स हा ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्स कर्नेलच्या २.६.१७ या आवृत्तीत समाविष्ट झाला. २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ या आवृत्तीत त्याची जागा घेणारे बी४३ व बी४३लेगसी हे ड्रायव्हर आले.

सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतः मुक्त स्रोत ड्रायव्हर जाहीर केला. मात्र तो तेव्हाच्या नव्या मोजक्या चिपांसाठी होता. जुन्या कार्डांचा भार बी४३ वरच राहिला.

फर्मवेअरचा प्रश्न

ड्रायव्हर संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर चालतो, तर फर्मवेअर कार्डातील चिपवर. या कार्डांत फर्मवेअर कायमचे साठवलेले नसते. संगणक सुरू झाल्यावर ड्रायव्हर ते कार्डाला पुरवतो. बी४३ ला लागणाऱ्या फर्मवेअरच्या पुनर्वितरणाची परवानगी नसल्याने लिनक्स वितरणे ते आपल्यासोबत देऊ शकत नाहीत. वापरकर्त्याला ते ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरमधून बी४३-एफडब्ल्यूकटर या साधनाने वेगळे काढावे लागते. डेबियनसारख्या वितरणांत हे काम करणारे पॅकेज मिळते; पण त्यालाही इंटरनेट लागते. इंटरनेट मिळवण्यासाठी आधी इंटरनेट हवे, असा पेच यातून निर्माण होतो. तारेची जोडणी, यूएसबी तारेने जोडलेला मोबाइल किंवा दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणलेल्या फाइली हे त्यावरील उपाय होत.

प्रमुख ड्रायव्हर

* बी४३ : जुन्या चिपांसाठी, मुक्त स्रोत, परंतु फर्मवेअर वेगळे मिळवावे लागते.
* बीआरसीएमएसमॅक : २०१० च्या घोषणेतून आलेला, बीसीएम४३१३ सारख्या चिपांसाठी. याचे फर्मवेअर वितरणांना देता येते.
* बीआरसीएमएफमॅक : जोडणीची बरीच कामे स्वतः करणाऱ्या चिपांसाठी, रास्पबेरी पाय ३ मध्ये हाच वापरला जातो.
* डब्ल्यूएल : ब्रॉडकॉमचा बंदिस्त ड्रायव्हर. कर्नेल बदलला की तो त्याच्यासाठी पुन्हा बांधावा लागतो. म्हणून कर्नेल अद्ययावत केल्यावर वाय-फाय बंद पडण्याचे प्रकार घडतात.

दोषनिवारण

दोष शोधताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

# एलएसपीसीआय ही आज्ञा कार्डाची ओळख व वापरात असलेला ड्रायव्हर दाखवते. ब्रॉडकॉमचा ओळख क्रमांक १४ई४ असून त्यापुढील चार अंकी क्रमांकावरून नेमके कार्ड समजते. यूएसबी कार्डांसाठी एलएसयूएसबी ही आज्ञा आहे.
# आरएफकिल या आज्ञेने कार्ड बंद केलेले आहे का ते कळते. आज्ञावलीने घातलेला अडथळा त्याच आज्ञेने दूर होतो. यांत्रिक अडथळ्यासाठी लॅपटॉपवरील बटण किंवा कळ वापरावी लागते.
# डीमेसेज ही आज्ञा कर्नेलचे संदेश दाखवते. फर्मवेअरची फाइल सापडत नसल्यास तिच्या नावासह तशी नोंद तेथे मिळते.
# बी४३ आणि डब्ल्यूएल एकाच कार्डावर हक्क सांगू शकतात. अशा वेळी नको असलेला ड्रायव्हर वर्ज्य यादीत टाकतात.
# सिक्युअर बूट चालू असल्यास स्वाक्षरी नसलेला डब्ल्यूएल कर्नेलकडून नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी ड्रायव्हरवर स्वाक्षरी करून तिची किल्ली संगणकात नोंदवावी लागते.

या तपासणीपूर्वीच वेगवेगळे ड्रायव्हर एकामागून एक बसवल्यास त्यांच्यात संघर्ष निर्माण होऊन मूळ दोष झाकला जातो. म्हणून कार्डाची अचूक ओळख ही दोषनिवारणाची पहिली पायरी ठरते.