अपधावमापन, भूविकासासाठी (लासलगाव परिसर)

शेतजमिनीचे प्लॉट पाडताना, गोदाम किंवा बाजार-आवार उभारताना त्या जागेवरून पावसाचे किती पाणी किती वेगाने बाहेर पडेल, याचा हिशेब. जमिनीत न मुरता वाहून जाणाऱ्या पाण्यास अपधाव म्हणतात. गटाराची रुंदी, मोरीच्या नळाचा व्यास व साठवण टाकीचे आकारमान या हिशेबावर ठरते.

लासलगाव (ता. निफाड, जि. नाशिक) पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडते. कांद्याच्या बाजारपेठेमुळे येथे फरसबंद आवारे, व्यापाऱ्यांची खळी, पत्र्याची गोदामे व कांदाचाळी यांनी बरीच जमीन व्यापली आहे.

पूर्वेतिहास : मुंबई इलाख्यातील अपधावाची गणिते तलाव व धरणांसाठी झाली. डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी १८९२ मध्ये आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील नोंदींवरून कोष्टके तयार केली. त्यांत पाणलोट ‘चांगले’, ‘मध्यम’ व ‘वाईट’ असे विभागले असून, मध्यम पाणलोटाची आवक चांगल्याच्या पाऊणपट, तर वाइटाची निम्मी धरतात. पुढे क्लॉड इंग्लिस व डिसूझा यांनी पश्चिम भारतातील ५३ प्रवाहमापन ठिकाणांच्या आधारे १९२९ मध्ये दोन सूत्रे मांडली. पाऊस (प) व अपधाव (अ) सेंटिमीटरमध्ये घेतल्यास घाटासाठी अ = ०.८५प − ३०.५ आणि दख्खनच्या पठारासाठी अ = प(प − १७.८) ÷ २५४. एकाच नाशिक जिल्ह्यात ही दोन्ही सूत्रे लागू पडतात. इगतपुरीच्या बाजूला वर्षाला ३०० सेंमी. पाऊस धरला तर सुमारे २२४ सेंमी. म्हणजे तीन-चतुर्थांश पाणी वाहून जाते. लासलगावकडे ५० सेंमी. धरला तर जेमतेम ६.३ सेंमी., म्हणजे आठवा हिस्सा. इंग्लिस यांचे महापुराचे सूत्रही प्रसिद्ध आहे. मात्र ते घाटातील पाणलोटांवर बेतलेले असल्याने निफाडच्या सपाटीवर वापरू नये.

वर्षाची ही आवक पाहून ‘इथे गटार कशाला’ असे म्हणण्याची सवय दुष्काळी भागात पडते. ती चुकीची आहे. धरणाला हंगामाचे एकूण पाणी मोजायचे असते, प्लॉटला मात्र एका सरीचा जोर.

रॅशनल पद्धत : आयर्लंडमध्ये मुलव्हेनी (१८५१) व अमेरिकेत क्यूचलिंग (१८८९) यांच्या नावे ओळखली जाते. प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) = गुणांक (पावसाचा वाहून जाणारा हिस्सा) × पावसाची तीव्रता (मिमी. प्रति तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०. उदाहरणार्थ, चार हेक्टर शेतावर ताशी ५० मिमी. पाऊस व गुणांक ०.३० धरल्यास सेकंदाला १६७ लिटर पाणी निघते. तेथेच काँक्रीटचे आवार झाले व गुणांक ०.८५ झाला, की ४७२ लिटर. वाढीव ३०५ लिटर अर्धा तास अडवायचे तर सुमारे ५५० घनमीटरची टाकी लागते. ती न बांधल्यास पाणी उताराकडच्या शेजाऱ्याच्या वावरात जाते.

तीव्रता कोणत्या कालावधीची घ्यावी, हा खरा प्रश्न. जागेच्या टोकावरचा थेंब मोरीपर्यंत येण्यास लागणारा वेळ त्यासाठी काढतात. ३०० मीटर लांबी व शंभरास एक उतार असल्यास किर्पिच सूत्राने तो साधारण ९ मिनिटे येतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी.हून अधिक पाऊस झाला, की सरकारदरबारी अतिवृष्टी ठरते; तो आकडा पंचनाम्याच्या कामाचा, गटाराच्या नव्हे. तेच ६५ मिमी. दिवसभर रिमझिमले तर कोणाला कळतही नाही. तासाभरात कोसळले तर आवारातील ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची चाके पाण्यात उभी राहतात.

काळी जमीन : उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन पहिली सर गिळून टाकते, फुगून भेगा मिटल्या की पाणी फारसे मुरत नाही. जमिनीला दिलेल्या अंकावरून (वक्रांक) अपधाव काढण्याच्या वक्रांक पद्धतीच्या भारतीय रूपात म्हणून कोरड्या व ओल्या काळ्या जमिनीसाठी सुरुवातीच्या घटीचे (अपधाव सुरू होण्यापूर्वी जिरणाऱ्या पाण्याचे) प्रमाण वेगळे आहे (०.३ व ०.१). दोन्ही वेळी वक्रांक ८० धरून पाहिल्यास ५० मिमी. पावसातून पहिल्या स्थितीत सुमारे १० मिमी., तर दुसऱ्या स्थितीत १८ मिमी. अपधाव येतो. त्यामुळे रॅशनल पद्धतीत शेताला एकच ठरावीक गुणांक लावण्याबाबत जाणकारांत एकमत नाही.

कांदाचाळ : चाळीखालून हवा खेळावी म्हणून तळ जमिनीपासून उचललेला असतो. पत्र्यांवरचे पाणी पागोळ्यांनी त्या पोकळीत शिरले, तर कांद्याचा खालचा थर सडतो. पागोळीच्या रेषेबाहेर चर काढून त्याला उतार देतात.

नियम : प्लॉट पाडण्यास रेखांकनाची मंजुरी लागते. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची तरतूद आहे. पाणी मुरवणे व पाणी काढून देणे ही दोन वेगळी कामे आहेत; एकाचा दाखला दुसऱ्याला चालत नाही.

देखभाल : पावसाळ्यापूर्वी गाळ काढणे. कांद्याची टरफले जाळीवर साचत असल्याने बाजार-आवारात जाळी प्रत्येक मोठ्या सरीनंतर साफ करावी.