एक पान आणि सगळे दप्तर

नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावाचे महसुली दप्तर कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. गट नंबर सांगितला की नेमके पान उघडता येते. या सोयीचे मूळ 19व्या शतकात आहे. 1818 मध्ये इंग्रजांकडे गेलेल्या खानदेशात पुढे मुंबई इलाख्याची मोजणी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या या पद्धतीला 1847 च्या संयुक्त अहवालाने पक्के रूप दिले. हेतू शेतसाऱ्याचा होता, शेतकऱ्याच्या सोयीचा नव्हे. तरीही जमिनीचे नंबर पडले आणि दप्तर मोठे असूनही हाताळता येऊ लागले. पुढे गाव नमुने ठरले: सातमध्ये हक्क, बारामध्ये पिके, आठ-अमध्ये खाते, सहामध्ये फेरफार. जिल्हा खानदेशाचा पश्चिम खानदेश झाला, मग धुळे, 1 जुलै 1998 ला नंदुरबार. नंबरावरून पान काढण्याची रीत मात्र टिकली.

ब्राउझरमध्ये अवाढव्य मजकुराची फाइल उघडताना हीच रीत मोडली जाते. सगळ्या ओळी एकदम मांडायला घेतल्या की पान गोठते, कारण मांडणी आणि बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद ही दोन्ही कामे बहुधा एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालतात. म्हणून फाइल तुकड्यांत वाचावी, दिसणाऱ्या ओळीच मांडाव्यात. ही युक्ती जुनीच आहे: बर्कलीत 1978 मध्ये डॅनियल हॅल्बर्टने लिहिलेला ‘मोर’ हा प्रोग्राम मजकूर पडदाभरच दाखवत असे. मराठीत जास्त जपावे लागते: यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तुकडा मध्येच तुटला तर अक्षर बिघडते. उरलेले बाइट पुढच्या तुकड्याला जोडावेच लागतात.

यंत्रे वेगवान झाली, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. पण गावात सातबारा बहुधा साध्या मोबाइलवरच पाहिला जातो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: न मांडलेल्या ओळींत ब्राउझरचा शोध पोहोचत नाही, म्हणजे तुकड्यांपायी अखंड मजकूर हरवतो. याचे उत्तरही दप्तरातच आहे. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, त्यावरून नमुना सहामधली नोंद सापडते. तशी प्रत्येक ओळ फाइलमध्ये कुठे सुरू होते याची सूची ठेवावी, शोध वेगळ्या धाग्यावर सगळ्या फाइलभर चालवावा आणि सापडलेल्या ओळीभोवतीचे पानच पडद्यावर आणावे.