सुट्टीत वाचायला संगीतातल्या आठवणींची पुस्तके: निवड कशी करावी?

मे महिन्यात कोकणात जाताना बॅगेत एखादे संगीतावरचे पुस्तक टाकावे असे वाटते. पण अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात आत्मचरित्र, गौरवग्रंथ आणि घराण्यांचे विवेचन एकाच फळीवर असते. आपण ओळखीचे मोठे नाव पाहून पुस्तक उचलतो आणि चाळीस पानांनंतर ते मिटून ठेवतो. सुट्टीपुरता एक साधा निकष वापरून पाहा: लिहिणारा किती मोठा कलावंत होता यापेक्षा तो कुठे बसून पाहत होता, याकडे लक्ष द्या.

साथीदाराच्या जागेवरून

मैफलीत सगळ्यांत चांगली जागा साथीदाराची. गायकाच्या हातभर अंतरावर बसून त्याचे गाणे, लहर, राग आणि फजिती, सगळे त्याला दिसते. गोविंदराव टेंबे (1881–1955) नामांकित हार्मोनियमवादक होते. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’चे संगीत त्यांचे, आणि ‘अयोध्येचा राजा’ या 1932 च्या बोलपटात त्यांनी हरिश्चंद्राचे काम केले. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ या त्यांच्या पुस्तकांत स्वतःपेक्षा इतरांकडे पाहण्याची हौस जास्त आहे. भाषा जुन्या वळणाची आहे, पहिली काही पाने सवय होण्यात जातात. मग मात्र पुस्तक सुटत नाही.

या पुस्तकांचे मोल करमणुकीपुरते नाही. टेंबे ज्यांना गुरुस्थानी मानत, त्या भास्करबुवा बखल्यांनी (1869–1922) ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतली. पुण्यातला भारत गायन समाज त्यांनीच स्थापन केला. पण त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण नाही. ते कसे गात, हे आज केवळ ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून थोडेफार कळते. अल्लादियाखाँसाहेबांच्या बाबतीतही तेच. त्यांनी नातवाला सांगितलेल्या आठवणी इंग्रजीत पुस्तकरूपाने मिळतात.

एक युक्ती सांगतो. गंधर्व नाटक मंडळी 1913 मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी काढली. टेंबे आणि बोडस दोघेही पुढे मंडळीतून बाहेर पडले, आणि दोघांनीही आत्मचरित्र लिहिले. टेंब्यांनंतर लगेच बोडसांचे ‘माझी भूमिका’ वाचा. एकच घर दोन खिडक्यांतून दिसते.

चाल कशी लागते, याची गोष्ट

सिनेसंगीताची आवड असेल तर केशवराव भोळे यांचे ‘माझे संगीत’ घ्या. भोळे मुळात तिखट समीक्षक, नंतर ‘प्रभात’चे संगीतकार. ‘संत तुकाराम’ (1936) त्यांचाच. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला अभंग अनेकांनी तुकोबांचाच समजला, इतकी शब्द आणि चाल यांची भट्टी जमली होती. प्रवास रद्द होऊन सुट्टी पुण्यातच गेली तर हे पुस्तक आणखी रंगते: प्रभातचा स्टुडिओ म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट.

सी. रामचंद्र यांचे ‘माझ्या जीवनाची सरगम’ झपाट्याने वाचून होते, कारण लेखक हातचे राखत नाही. मात्र ती एकाच माणसाची बाजू आहे, एवढे ध्यानात ठेवूनच वाचावे. सुधीर फडके यांचे ‘जगाच्या पाठीवर’ मला या सगळ्यांत सरस वाटते. पण ते हलकेफुलके नाही. भूक आणि पायपीट पानोपानी आहे, शिवाय ते अपुरे राहिलेले असल्यामुळे सगळी कारकीर्द त्यात शोधू नये. हॉटेलच्या गोंगाटात वाचायचे हे पुस्तक नव्हे.

राग ओळखता येत नसतील तर

काही बिघडत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधले बेळगावचे ‘रावसाहेब’ गवई नव्हते, गाण्यावर जीव टाकणारे रसिक होते. आठवणींची गोडी लागायला हा एक लेख पुरेसा आहे. प्रा. बी. आर. देवधरांचे ‘थोर संगीतकार’ प्रवासात सोयीचे, कारण त्यातली प्रत्येक व्यक्ती स्वतंत्र लेखात भेटते. एका बैठकीत एक. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी नमिता देवीदयाल यांचे ‘द म्युझिक रूम’ (2007) सुचवेन. दहा वर्षांची मुलगी मुंबईत धोंडूताई कुलकर्णींकडे गाणे शिकायला जाते, तिथून ते सुरू होते.

घेण्याआधी

पुस्तक मधोमध उघडा आणि दोन पाने उभ्या उभ्या वाचा. कोणी काहीतरी करते आहे, बोलते आहे, चुकते आहे, तर घ्या. नुसती पुरस्कारांची आणि दौऱ्यांची यादी असेल तर परत ठेवा. टेंबे, बोडस, भोळे यांच्या प्रती दुकानात सहज मिळतीलच असे नाही. त्यासाठी 1848 पासून चालू असलेले पुणे नगर वाचन मंदिर किंवा नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय गाठा. जुन्या प्रतींचा टाइप बारीक असतो आणि पाने जीर्ण झालेली असतात, तेव्हा अशी प्रत समुद्रावर नेऊ नका. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी धावाधाव करण्यापेक्षा आठवडाभर आधी चौकशी केलेली बरी.