सागरी वारे : संगणकीय अंदाज आणि प्रत्यक्ष नोंदी

समुद्रावर वारा मोजणारी साधने मोजकीच असल्याने सागरी पवनऊर्जेचे प्राथमिक आराखडे संगणकीय प्रारूपांवरच आखले जातात. ‘ईआरए-५’ हा युरोपीय विदासंच सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकटींत दर तासाचा वारा दर्शवतो. किनाऱ्यालगत मात्र एकाच चौकटीत जमीन व पाणी दोन्ही येतात आणि तेथील सागरी वारा प्रत्यक्षाहून मंद दिसू शकतो. दुपारचे खारे वारेही इतक्या विरळ जाळीत नीट सापडत नाहीत.

ही चूक किरकोळ नव्हे. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेगाचा अंदाज १० टक्क्यांनी वाढीव निघाला, तर ऊर्जेचा सुमारे ३३ टक्क्यांनी फुगतो. गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी केंद्राने २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे.

चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने २०१७ मध्ये खंभातच्या आखातात, पिपावावनजीक, लेसर किरणांनी वारा मोजणारे ‘लायडार’ बसवले. अशा नोंदींशी पडताळताना वार्षिक सरासरी जुळणे पुरेसे नसते. एका ऋतूतील वाढीव आणि दुसऱ्यातील उणी चूक परस्परांना झाकू शकतात. त्यामुळे प्रत्येक महिना आणि दिवसाचा प्रहर स्वतंत्रपणे तपासावा लागतो.